तिठ्यावरची भाकर

१

शकुबाईचा रोजचा एकच नेम. साडेबारा झाले का निकितासाठी डब्बा बांधायचा, डोक्यावर ओला दुपट्टा घ्यायचा अन् दारव्ह्याच्या जीप स्टँडामागच्या तिठ्यावर जे मेडिकल आहे, तिथं नेऊन द्यायचा. निकिता म्हणजे तिच्या भावाची, भगवानरावची पोरगी. आई लहानपणीच गेली, तवापासून आत्यानंच वाढवली. आता डी.फार्म. होऊन मेडिकलचा काउंटर सांभाळते.

तेवढ्याशा रस्त्यात शकुबाई चार जणांची खोड काढल्याबिगर पुढं सरकत नसे. पानठेल्यावाल्याले म्हणे, "काहून रे, शर्टाचे बटनं वर-खाली झाले, बायको रुसली का?" रोशनच्या जीपमध्ये चढून भोंगा वाजवे अन् म्हणे, "चाल, लंडनले सोड." बाई अडुसष्टची, शाळा चौथीपर्यंतची. पण खोड्या काढाले कोणती शाळा लागते?

एका माणसाची मात्र तिनं कधी खोड काढली नव्हती. त्याले पाहिलं का तिच्या डोक्यात राग जाय, अन् रागात मस्करी सुचत नाही.

तो नयन. कृषी केंद्रवाल्याचा एकुलता एक. दीड वर्षापासून मेडिकलच्या समोरच्या कडुलिंबाखाली उभा. दुकान उघडलं का हा हजर. हातावर निकिताचं नाव गोंदवून घेतलं. काउंटरवर हसून बोलला म्हणून एका कॉलेजच्या पोट्ट्याच्या कानाखाली वाजवली. निकितानं त्याले तीनदा नाही म्हटलं. एकदा हात जोडून, एकदा राखी घेऊन अन् एकदा चप्पल घेऊन. राखी त्यानं फेकली. चप्पल घरी नेली, अन् म्हणे उशाशी ठेवली.

अन् गाव काय म्हणे? "बिचारा! जीव ओवाळून टाकते पोट्टा तिच्यावर."

हे ऐकलं का शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाय. जीव त्याचा, ओवाळणं त्याचं, अन् जाच पोरीले. तिले कोणी बिचारी म्हणत नव्हतं.

एकच बरं होतं. दोन वाजले का नयनले भूक लागे. तो घरी जाय, जेवे, कूलरखाली झोपे अन् चारले पुन्हा येऊन उभा राहे. म्हणून साडेबाराचा डब्बा निकिता दोनले उघडे. दोन ते चार ती काउंटरमागच्या स्टुलावर बसून, चटणीची बोटं चाटत, दाराकडे पाठ करून जेवे.

२

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी नयनची आई मानीबाई नारळ-साडी घेऊन भगवानरावच्या अंगणात येऊन बसली. संगं नयन. निकिता मेडिकलवर गेलती. म्हणजे ती गेल्याचं पाहूनच हे आलते.

"भगवानराव," मानीबाई म्हणे, "आता नाई म्हनू नका. पोराचं पाहा काय झालं. जीव ओवाळून टाकते थो तुमच्या पोरीवर. असा जावई कुठी भेटन?"

भगवानराव खाली पाहून सुपारी कातरत होता. शकुबाईनं भावाले ओळखलं. हा आता वितळून राह्यला.

"भगवाना, पोरीले विचारलं का?"

"ताई, पोरीले काय समजते? एवढा जीव लावणारा..."

"रस्त्यावर उभं राहन्याले जीव लावनं म्हनतं काय रे? मंग थो विजेचा खांब बी जीव लावूनच उभा आहे!"

शेजारच्या बाया गेटाशी जमल्या होत्या, त्या हसल्या. नयन हसला नाही. तो दोरीवर वाळत असलेल्या निकिताच्या पिवळ्या ओढणीकडे पाहत होता. पापणी न हलवता.

ते पाहणं शकुबाईच्या डोक्यात गेलं. अन् त्या दिवशी पहिल्यांदा, रागातून मस्करी सुचली.

"मानीबाई, तुमचा पोरगा जीव ओवाळून टाकते म्हन्ता. टाकला का मंग?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? ओवाळून टाकनं तुमाले मालूम नाई? लेकरू किरकिरलं, म्हैस आटली, का आपन भाकर ओवाळतो, तिठ्यावर टाकतो, मांगं पाहत नाई अन् पाय धुऊन घरात येतो. टाकलेली भाकर कोनी पुन्हा घरात आनते? थे रस्त्याची झाली. बोलनं तिथूनच आलं. हा दीड वर्सापासून नुसताच ओवाळून राह्यला. टाकत तर नाई!" तिनं नयनकडे पाहिलं. "टाकतं का रे?"

"टाकतो मावशी," नयन म्हणे. लगेच.

तिचा डाव साधा होता. त्याच्याकडून सगळ्यांसमोर जीव टाकून घ्यायचा, अन् मंग विचारायचं, आता कायच्या जिवावर लगन करतं? आळी हसन. हसं झालेला माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, हा तिचा साठ वर्षांचा अनुभव.

तिनं आतून रात्रीची उरलेली ज्वारीची भाकर आणली, थंडगार, वाळून कडा उचललेली. वर मीठ ठेवलं, दोन लाल मिरच्या ठेवल्या. दोरीवरची ओढणी काढून खाटेवर अंथरली. "निकिता इथी आहे समज. अन् भाकरीत फुक मार. तुहा जीव आहे न थो, थोडा मारू नको. सगळा."

बाया खिदळल्या. नयननं भाकर तोंडाशी धरली अन् फुंकर घातली. लांब. बायांचं हसणं संपलं तरी त्याची फुंकर सुरूच होती. 

अन् भाकर फुगली.

तव्यावरून विस्तवावर टाकल्यावर फुगते तशी. टम्म. मिरच्या घसरून खाली पडल्या. शकुबाईनं डोळे चोळले. ऊन लागलं असन, ती मनात म्हणे. पंचेचाळीस डिग्रीत काय फुगत नाही?

त्यानं सात वेळा ओवाळली. तिठ्यावर गेला, पाठमोरा होऊन टाकली अन् मागं न पाहता परत गेटाशी आला.

"घ्या!" शकुबाई टाळी वाजवून म्हणे. "जीव तर टाकला. आता कायच्या जिवावर लगन करतं रे भैताडा?"

आळी हसली. भगवानरावही हसला. मानीबाई लालबुंद झाली, नारळ-साडी उचलली अन् पोराचा हात धरून निघाली. शकुबाई डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसली.

हसू ओसरल्यावर तिले दिसलं, नयनच्या चपला अंगणातच राहिल्या. तो डांबराच्या रस्त्यानं अनवाणी चालला होता. पाय उचलून नाही, भाजत नसल्यासारखा.

३

सोमवारी डब्बा घेऊन निघताना तिले वाटलं, आज कडुलिंबाखाली कोणी नसन.

कडुलिंबाखाली कोणी नव्हतं. नयन सावलीच्या बाहेर, भर उन्हात उभा होता. मेडिकलच्या दाराच्या नेमका समोर. कालचाच शर्ट. अनवाणी. लोकं दुपट्टे ओले करकरून डोक्यावर घेऊन राह्यले होते, अन् याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

स्टँडावरचं पिवळं कुत्रं त्याच्यावर रोज भुंके. त्या दिवशी ते आलं, त्याचा पाय हुंगला, तंगडी वर केली अन् खांबावर मुतावं तसं त्याच्यावर मुतून निघून गेलं.

शकुबाई एवढ्या जोरात हसली का पानठेल्यावाला बाहेर आला. मंग तिचं हसू मधातच अडकलं. कारण नयननं पाय हलवला नव्हता. त्यानं खाली पाहिलंही नव्हतं.

दोन वाजले. तो गेला नाही. चार वाजले. सहा वाजले.

तिठ्यावर भाकर तशीच होती. तिन्ही रस्त्यानं जीपा, ट्रॅक्टर, सोयाबीनच्या बोऱ्याचे ट्रक जात होते, पण एकाही चाकाखाली ती आली नाही. कावळा उतरला, मान तिरपी करून पाहिलं अन् उडाला नाही, चालत दूर गेला. कावळा चालत गेलेला शकुबाईनं कधी पाहिला नव्हता. भाकर अजून फुगलेलीच होती.

वाळली असन, ती मनात म्हणे. वाळलेली भाकर फुगीरच दिसते.

तीन दिवस ती स्वतःले हेच सांगत राहिली.

४

चौथ्या दिवशी मानीबाई आली. नारळ नाही, साडी नाही. केस मोकळे.

"शकुबाई, काय केलं तुमी माह्या पोराले?"

"मी? मस्करी केली. तुमच्यासमोरच केली."

"जेवत नाई थो. पानी बी नाई मांगत. झोपते, पन डोये उघडे. काल मी त्याच्या छातीले कान लावला..."

"मंग?"

"पंखा चालू होता. पंख्याच्या आवाजात ऐकू नाई आलं." मानीबाईनं पदर तोंडात कोंबला. "पंखाच होता नं शकुबाई?"

शकुबाई उठली. तिनं डब्बा उचलला अन् मेडिकलवर गेली.

निकिता काउंटरमागं उभी होती. डोळ्याखाली काळं. दुकानाचा काच तिनं आतून कागद लावून झाकला होता. स्टुलाखाली तीन दिवसांचे डब्बे, न उघडलेले, शकुबाईनंच आणलेले.

"जेवली काहून नाई वो माय?"

"कवा जेवू?" निकिता म्हणे. आवाज बारीक, पण त्यात आग होती. "आत्या, तू माही ओढणी दिली त्याले?"

"दिली नाई. ओवाळाले अंथरली फक्त. मस्करी..."

"मले विचारलं?"

शकुबाईनं डब्बा काउंटरवर ठेवला.

"त्यानं नाई विचारलं, बाबानं नाई विचारलं, अन् तू बी नाई विचारलं. तुमचा सगळ्यांचा खेळ माह्यावरून. आधी त्याले भूक तरी लागत होती आत्या! दोनले जात होता. दोन ते चार मी मोकळी होती. माणसासारखी बसत होती." तिनं डब्बा परत सरकवला. "तू माहे तेवढे दोन तास बी ओवाळून टाकले."

शकुबाईले अडुसष्ट वर्षांत नवऱ्यानं मारलं, सासूनं उपाशी ठेवलं, दिरानं वावर लाटलं. पण एवढं कधी लागलं नव्हतं. अन् लागलं ते खरं होतं म्हणूनच. जीव टाकला म्हणजे पोट्टा संपन, असं तिले वाटलं होतं. अन् झालं उलटंच. त्याले घरी नेणारा, भूक लावणारा, उन्हाचा चटका देणारा जो काय होता, तो जीवच होता. तो तिठ्यावर पडला. उरलं ते फक्त उभं राहणं.

कागदाच्या फटीतून तिनं बाहेर पाहिलं. नयन चार पावलं पुढं आला होता. काल तो रस्त्याच्या त्या कडेले होता, हे तिले पक्कं आठवत होतं. आता मधात होता. एक ट्रॅक्टर त्याच्या बाजूनं वळून गेला, जसं काही त्या जागी पहिल्यापासून खांबच होता.

"उद्यापर्यंत पायरीवर येते थो," निकिता म्हणे. "मी मोजून राह्यली."

तेवढ्यात भगवानरावचा फोन आला. शकुबाईनं उचलला. "ताई, मी म्हनतो, देऊनच टाकू का पोरगी? एवढं हाय त्याच्या मनात तर. पोरगा उन्हात मरन अन् पाप आपल्यावर..."

"भगवाना," शकुबाई म्हणे, "फोन ठेव, नाईतर तुलेच ओवाळीन."

५

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती तिठ्यावर गेली. हातात निकिताचाच डब्बा, रिकामा.

टाकलेलं उचलायचं नाही. ही गोष्ट तिच्या आईनं तिले चालता येण्याच्या आधी शिकवली होती. त्याच्यावरून पाय जाऊ द्यायचा नाही, सावली पडू द्यायची नाही. जो उचलन त्याच्या मागं ते लागते.

"लागू दे," ती दातओठ खाऊन म्हणे. "मी तर तयारच आहो त्याले. पोरीपेक्षा मी बरी. माह्याकडे पाहून पाहून डोये फुटतीन त्याचे."

ती वाकली. भाकर गरम होती. उन्हानं गरम होते तशी नाही, कोंबडीच्या पोटाखालून अंडं काढल्यावर लागते तशी. वजनही भाकरीचं नव्हतं. तिनं दोन्ही हातात घेतली तेव्हा ती जराशी खाली बसली. अन् पुन्हा फुगली.

खाली बसली. पुन्हा फुगली.

शकुबाईनं ती सोडली नाही. डब्ब्यात टाकून झाकण दाबलं. कड्या लावल्या.

मंग तिनं, करू नये ते दुसरं केलं. मागं पाहिलं.

नयन मेडिकलच्या पायरीवर पोचला होता. एक पाय वर, एक खाली. दारातून निकिताचा अर्धा हात दिसत होता, शटर ओढाले वर गेलेला. अन् नयनची मान वळत होती. अंग दाराकडेच, फक्त मान. हळूहळू, माणसाची वळते त्याच्या पुढंपर्यंत.

त्यानं शकुबाईकडे पाहिलं.

ती पळाली नाही. गुडघे पळण्यासारखे नव्हतेच. ती रोशनच्या जीपमध्ये चढली. "चाल रे."

"कुठी मावशी, लंडनले?"

"पुसदले. तिथून मी ढाणकीले जातो. आत्ता निघ, सवारी भरू नको."

तिचं तोंड पाहून रोशननं गाडी चालू केली. गाव संपलं, तुरीच्या रिकाम्या वावरात ऊन नाचत होतं. दिग्रसच्या अलीकडे रोशननं आरशात पाहिलं अन् पुन्हा पाहिलं.

"मावशी, थो कृषी केंद्रवाल्याचा पोट्टा पाठीमागून पळत येऊन राह्यला काय?"

शकुबाईनं मागं वळून पाहिलं नाही. मांडीवर डब्ब्याचं झाकण आतून टकटक करत होतं.

"पळून राह्यला का चालून राह्यला?"

रोशन बराच वेळ आरशात पाहत होता. "चालून," तो म्हणे. "पन मावशी, मी साठच्या स्पीडनं आहो."

त्यानं हात लांबवून आरसा वर वळवला.

६

ढाणकीले शकुबाईच्या मेलेल्या नवऱ्याची एक खोली होती. टिनाचं दार, एक खिडकी, समोर बोराचं झाड. आता ती तिथंच राहते.

चार दिवसांनी निकिताचा फोन आला. "आत्या, तो नाई दिसत आता. कागद काढला मी काचाचा. बाबा बी लग्नाचं बोलत नाई." मंग, "तू कवा येतं?"

"येतो नं. इथी काम आहे."

"माहा राग अजून गेला नाई हं."

"जाऊ देऊ नको," शकुबाई म्हणे. "ठेव जपून. जेवली का?"

"जेवून राह्यली."

फोन ठेवल्यावर शकुबाईनं मानीबाईले लावला. बाईचा जीव टांगणीले लागला असन, पोरगा कुठं आहे हे तरी सांगावं. बोराखालून नजर न काढता ती म्हणे, "मानीबाई, तुमचा नयन इथी आहे. माह्या दारासमोर."



"काय बोल्ता शकुबाई? नयन खाटेवर आहे. तुमी गाव सोडलं त्या दिवसापासून उठला नाई. आत्ताच चमच्यानं पानी घातलं, भाईर आलं. डोये उघडेच आहे त्याचे. छताकडे पाहते नुसता."

शकुबाईनं फोन खाली ठेवला. बोराखाली जो उभा होता, तोही पाहतच होता.

तिनं एकदा देऊनही पाहिलं. भर दुपारी दार उघडलं, डब्बा पुढं केला. "घे रे. तुहं तुले. उचल अन् जाय घरी, माय वाट पाहून राह्यली." त्यानं डब्ब्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. अन् दीड वर्ष निकिता जिच्यात उभी होती, त्या नजरेत शकुबाई पहिल्यांदा उभी राहिली. वाटलं होतं, आत वेड असन, माया असन, गेला बाजार हाव तरी असन. तिनं वाकून, विहिरीत पाहावं तसं पाहिलं.

कोणीच नव्हतं. नुसतं पाहणं होतं.

गाव याले ओवाळून टाकणं म्हणत होतं. तिले एवढा राग आला का तिनं दार त्याच्या तोंडावर आपटलं. टिन अर्धा मिनिट वाजत राहिलं.

टाकता येत नाही, हे तिले मालूम आहे. पुन्हा टाकली तर ते पिवळ्या ओढणीच्या वासानं दारव्ह्याचा रस्ता धरन. म्हणून डब्ब्यावर तिनं वरवंटा ठेवला आहे. रोज सकाळी ती दारात बसून त्याले ताजी शिवी देते, ठेचा-भाकर त्याले दाखवून दाखवून खाते, अन् एखाद्या दिवशी कपड्याचं पाणी त्याच्या पायावर फेकते. पाणी वाळते. तो काल जिथं होता त्याच्यापेक्षा आज चार बोटं जवळ असते. तीही मोजून राह्यली.

दोन वाजले का मात्र शकुबाई आत येते. या टायमाले दारव्ह्यात निकिता स्टुलावर बसून दाराकडे पाठ करते. चारपर्यंत काही हलू द्यायचं नाही. ती वरवंटा बाजूले काढते अन् डब्ब्याच्या झाकणावर आपले दोन्ही हात दाबून बसते. वरवंटा आता पुरत नाही.

आत भाकर खाली बसते. फुगते.

बाहेर टिनाच्या दाराले कोणीतरी कपाळ टेकवल्याचा आवाज येते.

"अजून दीड तास आहे रे भैताडा," शकुबाई म्हणते, अन् अंगाचा सगळा भार हातावर टाकते.